थोरली, धाकटी आणि फाराचे आबा

आमच्या आबांच्या मते जगात दोनच जातीची माणसं होती. एक थोरलीच्या जातीची आणि दुसरी धाकटीच्या. धर्म, भाषा, पक्ष हे सगळं त्यांना मान्य होतं, पण ते नंतरचं. शाळेत नवा मास्तर आला, पंचायतीत नवा सरपंच बसला, कुणाच्या घरी पोर जन्मलं, की आबा सोप्यावर बसून डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत आणि निकाल देत. "धाकटी," असं म्हणाले की कोरगावातल्या माणसाने समजायचं, ह्याच्या भरवशावर काजूची बाग सोडून बाहेरगावी जायचं नाही.

थोरली आणि धाकटी ही दोन जुनी रिव्हॉल्वरं होती. आबा माझे सासरे. मी डिचोलीहून लग्न होऊन ह्या घरात आले ती धाकटी सून म्हणून. थोरल्या जाऊबाई वास्कोला राहतात, त्या सुटल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी आबांनी ओसरीवरून सासूबाईंना हाक दिली, "धाकटी हाड गो भायर!" धाकटीला बाहेर आण म्हणजे मलाच, असं समजून मी पदर सावरून लगबगीने निघाले तर सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, "तुका न्हय, कपाटांतली." बाहेर कुणी पाहुणा आला होता आणि त्याला आबांना धाकटीचे अवगुण दाखवायचे होते. नव्या सुनेने पहिल्या आठवड्यात 'धाकटीचो कांय भरवसो ना' हे वाक्य किती वेळा ऐकावं, ह्याला काही मर्यादा असते.

फरक सांगते, म्हणजे आबांचं तत्त्वज्ञान कळेल. थोरलीचा बार काढायचा तर आधी अंगठ्याने तिचा घोडा मागे ओढायचा. खट्ट असा आवाज होतो, चक्र एक घर पुढे सरकतं आणि ती तयार होऊन बसते. मग चापाला नुसतं बोट लागलं तरी पुरे. हात हलत नाही, नेम चुकत नाही. पण दर बाराला हे अंगठ्याचं काम पुन्हा करावंच लागतं. धाकटीला अंगठा लागत नाही. नुसता चाप ओढत राहायचं. त्याच एका ओढीत घोडा उठतो, चक्र फिरतं, घोडा पडतो आणि बार उडतो. ऐकायला सोयीचं वाटतं, पण ती ओढ लांब आणि जड. बोट जोर करतं, मनगट लटपटतं, नळी डावीकडे जाते, आणि नेम काजूच्या बोंडूवर धरला असेल तर गोळी शेजारच्या फणसात. "थोरली सांगून मारता, धाकटी मारून सांगता," असं आबा म्हणत. थोरली त्यांच्या आजोबांची. धाकटी त्यांच्या वडिलांनी पोर्तुगीज अमदानीतल्या एका रेजिदोराकडून, म्हणजे गावच्या सरकारी कारभाऱ्याकडून, दोन बैल देऊन घेतलेली. बैल चांगले होते, हे आबा प्रत्येक वेळी सांगत.

गावात मात्र त्यांना ओळख होती ती फाराचे आबा म्हणून. आमच्याकडे बंदुकीच्या बाराला फार म्हणतात. दसऱ्याला देवीची पालखी उचलायच्या आधी एक फार मारायचा, तो मान आमच्या घराचा. फार झाल्याशिवाय पालखी हलत नाही. घरच्या कर्त्या पुरुषाने, घरच्या हत्याराने, स्वतःच्या उजव्या हाताने तो मारायचा. आणि एक दसरा चुकला की मान वरच्या घराकडे जायचा. वरचं घर म्हणजे आबांचे चुलतभाऊ बाबुलीकाका. त्यांच्याकडे चकचकीत दुनळी बंदूक होती, आणि दर दसऱ्याला ती खांद्याला लावून ते मंडपाच्या खांबाशी येऊन उभे राहत. काही बोलत नसत. नुसते उभे राहत. आबांना त्या उभं राहण्याचाच राग यायचा.

बाबुलीकाकांना आमच्या घराचा राग यायला कारण धाकटीच होती. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. काजूच्या दिवसांत आबा कातळावर बोंडू मांडून पाहुण्यांना प्रयोग दाखवत. आधी थोरलीने बोंडू उडवायचा, सगळ्यांनी वाहवा करायची, मग धाकटीने नेम चुकवून दाखवायचा. चुकवून दाखवायला वेगळे कष्ट पडत नसत. एकदा धाकटीची गोळी बोंडू सोडून, फणस सोडून, कुंपणापलीकडे बाबुलीकाकांच्या भट्टीवर गेली आणि फेणी गाळायच्या तांब्याच्या भाणाला आरपार भोक पाडून गेली. उतरायला आलेली पहिल्या धारेची फेणी कातळावर वाहिली. सासूबाई सांगत, की त्या दिवशी मुंग्यासुद्धा वाकड्या चालत होत्या. आबांनी जाऊन सांगितलं, "म्हजी चूक न्हय, धाकटेची." बाबुलीकाका म्हणाले, "चाप धाकटेन ओडलो?" त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. भाणाला डाग लावलेला मी पाहिला आहे. तो अजून तसाच आहे.

आबा कामाला निष्ठेने जुंपून घेणारे, पण ते काम हत्यारांचं असलं तर. हत्यारांना तेल द्यायचा त्यांचा सोहळा असे. तेल म्हणजे खोबरेल. दुसरं तेल आमच्या घरात नव्हतंच. आमच्या माडांचे नारळ, आमचंच खोबरं, आणि घाण्यावरून आलेलं ते तेल केसांना, गुडघ्यांना, दाराच्या बिजागऱ्यांना, देवापुढच्या समईला, माशांच्या कालवणात आणि थोरली-धाकटीला. थंडीत बाटलीतलं तेल गोठायचं. मग बाटली उन्हात ठेवायची, पातळ झालं की पुन्हा कामाला घ्यायचं. सासूबाई म्हणत, "ह्या घरांत देवाकय तोच वास आनी बंदुकेकय तोच." आबांच्या लेखी ही तक्रार नव्हती, तारीफ होती.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तुम्हाला वाटेल, ह्याचा आबांना संताप येत असेल. छे! आबांना निवडणूक लागली की सणाचा आनंद व्हायचा. कोट चढवून, दोघींना कापडी पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन ते सरकारी बसने पेडण्याला जात. कंडक्टरने "पिशवेंत कितें?" विचारलं, की "दोगी जाणीं" असं सांगत आणि अर्धं तिकीटही काढू देत नसत. सोबत खोबरेलाची एक लहान बाटली हवालदाराकडे द्यायची, महिन्यातून एकदा दोघींना लाव म्हणून. बाटली रिकामी परत यायची. हवालदाराचे केस त्या काळात फार सुरेख होते. त्या वर्षांत आमच्या राज्यात सरकारं बसायच्या आधीच पडायला यायची, त्यामुळे थोरली आणि धाकटीने जितके दिवस ठाण्यात काढले तितके तालुक्यातल्या एकाही चोराने काढले नसतील. पक्ष बदलणाऱ्या आमदारांविषयी आबांना राग नव्हता, कुतूहल होतं. "धाकटी," ते म्हणत. "एकाच ओडींत उठता, घुंवता आनी पडता."

भाषेचा वाद पेटला तेव्हा आमच्या पेडण्यात घरोघरी भांडणं झाली. एकाच घरात बाप एका सभेला आणि मुलगा दुसऱ्या. आबा घरात कोंकणी बोलत, पोथी मराठीत वाचत आणि बैल अडला की शिव्या पोर्तुगीजमध्ये देत. एका सकाळी मराठीवाले आले आणि दुपारी कोंकणीवाले. दोघांनाही त्यांनी सोप्यावर बसवलं, चहा दिला, आणि दोघांनाही एकच प्रश्न केला, "फार खंयचे भाशेंत जाता तें पयलीं सांगात." मुलं हसली आणि उठून गेली. बाबुलीकाकांनी गावभर सांगितलं, की आबांना बाजू घ्यायची हिंमत नाही. मला वाटतं, त्यात थोडं तथ्य होतं. दसऱ्याच्या मंडपात दोन्ही बाजू समोर असणार होत्या, आणि फार मारणाऱ्याकडे कुणी पाठ करून उभं राहिलेलं आबांना सोसलं नसतं.

पुढे घटक राज्य झालं. त्या दिवशी आबांनी आनंदाच्या भरात अंगणात थोरलीचा एक बार काढला. गोळी नव्हती, नुसती दारू. संध्याकाळी पेडण्याचा हवालदार सायकलवरून चौकशीला आला, की परवानगी कुणी दिली. आबांनी त्याला चहा पाजला, उंडो, म्हणजे गोल पाव, खाऊ घातला, केसांची चौकशी केली. तो गेल्यावर म्हणाले, "राज्य जालें, पूण हवालदार तोच." राज्याविषयी ह्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

मी माहेराहून येताना शिवणयंत्र घेऊन आले होते. डिचोलीच्या बाजारात माझ्या वडिलांचं शिंप्याचं दुकान, मी तिथेच यंत्राखाली बसून मोठी झालेली. आबांना त्या यंत्राचा आवाज खपत नसे. "सुरू जालें की थांबना. धाकटेच्या जातीचें," असं म्हणून ते सोप्याच्या पार टोकाला जाऊन बसत. मी एकदा चिडून म्हटलं, "आबा, ह्या यंत्रान तुमची कोपरी शिवली." ते म्हणाले, "म्हणूनच खाकेंत तटता." कोपरी खाकेत तटत नव्हती. मी नंतर तपासली.

मरणाचाही त्यांनी ह्याच हिशेबाने विचार करून ठेवला होता. त्यांना थोरलीसारखं मरायचं होतं. "पयलीं खट्ट जावंक जाय," ते सांगत. "सगल्यांनी आयकुपाक जाय. सगलीं येवंक जाय, बसूंक जाय. मागीर फार." गंगाजलाचं गडवं देव्हाऱ्यात डाव्या बाजूला, तुळस अंगणातलीच घ्यायची, रडायचं नंतर, आधी ते काय सांगतात ते ऐकायचं. एका श्रावणात त्यांना ताप भरला तेव्हा खट्ट झालं असं त्यांनी जाहीर केलं. वास्कोहून थोरले दीर-जाऊ आले, माझा नवरा पणजीच्या कचेरीतून रजा काढून आला, शेजारीपाजारी जमले. आबांनी कोणता माड कुणाचा, कोणत्या गाईला काय आवडतं, सगळं सांगितलं. मुलांनी भांडू नये म्हणाले. सुनांनी तर मुळीच नाही. सगळे डोळे पुसत होते. सकाळी ताप उतरला आणि त्यांनी पेज आणि आंब्याचं लोणचं मागितलं. जाऊबाई वास्कोला परत जाताना माझ्या कानात म्हणाल्या, "थोरलेचोय केन्ना केन्ना फार उडना गो." पुढे महिनाभर आबा कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

आता मुख्य गोष्ट. एका पावसाळ्याच्या शेवटी बागेत शेवाळावर घसरून आबा उजव्या हातावर पडले आणि अंगठा मोडला. वैद्याने बसवला, पट्टी बांधली, लेप लावले. हाड जुळलं, पण अंगठा जो ताठ झाला तो झालाच. वाकेना. चार बोटं मिटली की तो आपला वर. जो भेटेल त्याला आबा ठेंगा दाखवतायत असं दिसायचं. पतपेढीचा नवा मॅनेजर रस्त्यात नमस्कार करून गेला तर आबांनी हात उचलला आणि तो माणूस रागाने फणफणत परत फिरला. आम्ही हसलो. आबाही हसले. मग नवरात्र बसलं आणि आबांनी थोरली बाहेर काढली.

घोडा ओढता येईना. अंगठा घोड्यावर नुसता टेकायचा आणि निसटायचा. डाव्या हाताने ओढा, असं माझ्या नवऱ्याने सुचवलं. आबा त्याच्याकडे असे बघायला लागले, की तो दुसऱ्या दिवशी लवकरची बस पकडून पणजीला गेला. देवीपुढे डावा हात! दुसऱ्या कुणी घोडा ओढून हातात द्यावी, तर मग फार कर्त्याचा कसा? राहिली धाकटी. तिला अंगठा नकोच. पण तिचा चाप ओढायला लागणारा जोर आबांच्या बोटात उरला नव्हता. चाप अर्ध्यापर्यंत यायचा आणि अडून बसायचा. आबा दोन्ही डोळे मिटून, दात चावून ओढत, कपाळावर घाम येई, आणि घोडा अर्धा उठून परत खाली बसे. दसरा पाच-सहा दिवसांवर आला होता. बाबुलीकाकांच्या अंगणात दुनळी उन्हात वाळत घातलेली आम्हाला सोप्यावरून दिसत होती.

त्या दुपारी मी यंत्रावर पोलकं शिवत होते. आबा येऊन माझ्या शेजारच्या पाटावर बसले. यंत्राजवळ ते कधी येत नसत. म्हणाले, "आमच्या आज्यान मारलो, बापायन मारलो, हांवें मारलो. आनी आतां बाबुली मारतलो." मी पाय थांबवले. ह्या माणसाची मला फक्त थट्टा करायची सवय होती. धाकटी त्यांच्या मांडीवर होती. काहीतरी करायचं म्हणून मी ती उचलली आणि चाप ओढून पाहिला. तो अडला, आणि ज्या तऱ्हेने अडला ते माझ्या हाताला ओळखीचं वाटलं. दुकानात कुणी गिऱ्हाईक घरचं बिघडलेलं यंत्र घेऊन यायचं, तेव्हा चाक असंच अर्ध्यावर अडायचं. बाबा पहिला प्रश्न एकच विचारायचे. तोच मी विचारला.

"आबा, हिका तेल कसलें घालतात?"

"आमचें," आबा म्हणाले. "दुसरें कसलें?"

मला हसू आवरेना. खोबरेल यंत्रात घालायचं नसतं, हे शिंप्याच्या घरात पोराला बोलता यायच्या आधी कळतं. ते आत बसतं, धूळ आणि काजळी धरतं, चिकट होतं. थोरलीच्या पोटात मोजून चार तुकडे. तिचं काय बिघडणार? धाकटीच्या पोटात एवढ्याएवढ्या पट्ट्या, कमानी, दाते. एकाच ओढीत तीन कामं करायची तर ते सगळं हलायला हवं. ती इतकी वर्षं खोबरेलाच्या चिखलात पाय रोवून ओढत होती. मी हे सांगितलं तर आबा ताडकन उठले. "आमच्या माडांच्या तेलांत खोट ना," म्हणाले. तेलात खोट नाही, मी म्हटलं, पण ते डोक्याचं तेल आहे. ती उघडून साफ करायला द्या. "हातेरांक बायलांनी हात लावपाचो न्हय," आबा म्हणाले. तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला, "मागीर आतां मेरेन तें कपाट कोण पुसतालें? तुजो बापूय?"

शेवटी आबांनीच तोड काढली. ते सोप्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. "हांव पळयना," म्हणाले. "पळयलें ना जाल्यार दोश ना." मी सासूबाईंच्या अॅल्युमिनियमच्या टोपात रॉकेल ओतलं, यंत्राच्या पेचकसाने धाकटीची बाजू उघडली आणि तिला आंघोळ घातली. आतून काकवीसारखं काळं निघालं, आणि घरभर आमच्या माडांचा वास सुटला. पुसून, उन्हात सुकवून मी यंत्राचं तेल थेंब थेंब सोडलं. कोणता तुकडा कुठला हे जुळवताना एकदा एक कमान उरली. पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. मग आबांच्या पाठीमागे जाऊन ती त्यांच्या हातात दिली.

आबांनी रस्त्याकडे बघतच चाप ओढला. घोडा उठला, चक्र फिरलं, घोडा पडला. कुठेही न अडता. त्यांनी पुन्हा ओढला. मग पुन्हा. दिवेलागणीपर्यंत सोप्यावरून टिकटिक ऐकू येत होती आणि सासूबाई वैतागून म्हणाल्या, की ह्यापरीस शिवणयंत्र बरें. मला वाटलं होतं, आबा काहीतरी बोलतील. जेवताना त्यांनी आपल्या पानातला वडा उचलून माझ्या पानात टाकला, तोही मीच तळलेला.

दसऱ्याला मंडपात गर्दी मावत नव्हती. आबांचा अंगठा गेल्याची बातमी पार हरमलपर्यंत पोचली होती आणि अर्धे लोक तेच बघायला आलेले. बाबुलीकाका खांबाशी होते, दुनळी खांद्यावर. ढोल थांबले. आबांनी कोपरीच्या आतून धाकटी काढली तेव्हा जुन्या माणसांत कुजबूज झाली. भटजींनी कानांत बोटं घातली. आबांनी हात वर केला, ठेंगा आभाळाकडे, आणि चाप ओढला. टिक. नुसतं टिक. डिचोलीच्या गर्नालवाल्याने, म्हणजे जत्रेचे बार करणाऱ्याने, भरलेली दारू दमट निघाली होती. भटजींनी कानांतली बोटं काढली. बाबुलीकाकांनी एक पाऊल पुढे टाकलं. थोरली असती तर तिथेच संपलं होतं. पुन्हा घोडा कोण ओढणार? पण आबांचं बोट थांबलंच नव्हतं. त्यांनी नुसता चाप परत ओढला आणि असा फार गेला, की भटजींच्या हातातलं तबक उडून पालखीत पडलं, माडावरचे कावळे उठले आणि बाबुलीकाका पाऊल मागे घेताना खांबावर आपटले. पालखी उठली. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते, आणि तिथे उभी राहून लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी चिमटा काढला, मग त्याही वाजवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आबांचं तत्त्वज्ञान बदललेलं होतं. सोप्यावर येईल त्याला ते सांगत, "मनीस धाकटेसारको जाय. एक फार फुकट गेलो म्हणून रडत बसना, दुसरो ओडटा." एवढ्या वर्षांचं काय, असं कुणी विचारलं तर शांतपणे म्हणत, "हांव पयलींसावनच सांगतां." खोबरेलाची गोष्ट अर्थात गावभर झाली, सासूबाईंनी केली. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबुलीकाका कुंपण ओलांडून आमच्या सोप्यावर आले. उभ्यानेच त्यांनी विचारलं, "म्हणजे म्हज्या भाणाक बुराक पडलो तो तुज्या खोबरेलान?" आबांनी विचार केला. मग म्हणाले, "तेल बरें आशिल्लें. भाणच पातळ." काका बसले. मी आत जाऊन दोन पेले आणले. त्या रात्रीपासून दोघं रोज भांडायला लागले, आणि घराला शोभा आली.

आबा गेले ते चैत्रात. सकाळी चहा घेत सोप्यावर बसले होते. पदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून पोंय पोंय करत आला, मी उंडे घेतले, एक त्यांना दिला. त्यांनी तो मोडून चहात बुडवला आणि म्हणाले, "पदेर थोरलेच्या जातीचो. पयलीं पोंय, मागीर उंडो. आनी तूं..." मी पुढचं ऐकायला मान वळवली. उंडो चहात बुडलेला होता आणि आबा नव्हते. सूचना नाही, निरवानिरव नाही. गंगाजलाचं गडवं देव्हाऱ्यात डावीकडे तसंच राहिलं. मी कोणत्या जातीची ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या वर्षी घरात सणवार करायचा नव्हता, म्हणून दसऱ्याला आमच्या घरचा फार झाला नसता. बाबुलीकाकांनी देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, की फार मी मारतो, मान त्यांचाच. पुढच्या वर्षी परवाना माझ्या नवऱ्याच्या नावावर झाला. हल्ली तो मारतो. डोळे मिटून मारतो, पण मारतो.

मला सांगायचं आहे ते मात्र त्याच्या आधीचं, बाराव्याच्या दुसऱ्या दिवसाचं. बारा दिवस मी रडले नव्हते. घरभर पाहुणे, त्यांची पेज, त्यांची अंथरुणं, सासूबाईंचं बघायचं. वेळ कुणाला होता? त्या दिवशी पेडण्याचा हवालदार आला. परवानावाला गेला की हत्यारं जमा करायची असतात. केस आता विरळ झाले होते बिचाऱ्याचे. मी कपाट उघडलं. थोरलीची जागा आत निळ्या मखमलीच्या पेटीत. आजोबांच्या काळापासून तीच. धाकटीची जागा बाजूला, आबांच्या जुन्या गंजिफ्रॉकाच्या चिंधीत. मी आधी चिंधी सोडली. आत थोरली होती. मखमलीची पेटी उघडली तर तिच्यात धाकटी, पुसून लख्ख. तिच्या अंगाला टेकून माझ्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली ठेवलेली होती. ती बाटली मी दिवाळीपासून शोधत होते, आणि तिच्यापायी घरातल्या एकेकाशी भांडले होते. आबांशी सुद्धा. "म्हाका कितें खबर तुजें तेल?" असं ते म्हणाले होते, डोळ्याला डोळा न देता.

हवालदाराने दोघींना पिशवीत घातलं, पेटीही घेतली. मी बाटली मुठीत धरली होती. "ही दिवची ना हांव," मी म्हटलं.

"बाटलेक लायसन लागना, बाय," तो म्हणाला.

आणि मला रडू फुटलं. आधी खट्ट नाही, काही नाही.